स्वस्तातलं वाफेचं बागइंजिन: आधी गळती, मग आग

बागेतल्या छोट्या रुळांवर धावणारं वाफेचं मॉडेल इंजिन तापतं, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो, चिमणीतून वाफही निघते. पण गाडी दोन हात जाते आणि थांबते. बोटाने ढकललं की आणखी दोन हात. यानंतर बहुतेक जण एकच करतात, मोठा बर्नर मागवतात. तो बसवल्यावर इंजिन जास्त तापतं, जास्त फुसफुसतं आणि जातं तेवढंच.

कारण साधं आहे. या इंजिनांचा सिलिंडर एका खिळीवर डोलतो आणि त्याची सपाट बाजू समोरच्या सपाट पट्टीवर घासत राहते. पट्टीतली भोकं आणि सिलिंडरमधलं भोक समोरासमोर आलं की वाफ आत जाते किंवा बाहेर पडते. सिलिंडर पट्टीला चिकटून राहतो तो एका छोट्या स्प्रिंगच्या जोरावर. दाब वाढला की वाफ सिलिंडरलाच पट्टीपासून ढकलते आणि फटीतून निसटते. म्हणजे या दोन सपाट बाजू एकमेकींवर नीट बसलेल्या नसतील तर आग वाढवून गळतीच वाढते.

हा लेख मॅमॉड या ब्रिटिश कंपनीच्या एसएल१सारख्या डोलत्या सिलिंडरच्या इंजिनांसाठी आहे: वर पितळी बॉयलर, खाली इंधनाची ट्रे, दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर. ब्रिटनमध्ये जुन्या सामानाच्या स्टॉलवर ती इतर वाफेच्या मॉडेलांपेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळतात, म्हणून आपल्यातले अनेक जण सुरुवात यांच्यापासूनच करतात. तुमच्याकडे स्लाइड व्हॉल्व्हचं (म्हणजे स्थिर सिलिंडर आणि सरकती झडप असलेलं) इंजिन असेल तर सातवा टप्पा सोडून द्या, बाकीचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

आधी सामान गोळा करा

२० मि.ली.ची सिरिंज आणि तिला बसेल अशी बारीक नळी. स्टीम ऑइल, म्हणजे वाफेच्या सिलिंडरांसाठीचं घट्ट तेल. आसांसाठी शिलाई मशीनचं तेल. चामडी हातमोजे. जुना बेकिंग ट्रे. पाण्याची बादली आणि सुती टॉवेल. पाणसळ. शेवटची वस्तू म्हणजे एक वही, आणि ती मी गंमत म्हणून सांगत नाही. वही ठेवली नाही तर तिसऱ्या आठवड्यात कोणत्या बदलाने काय झालं हे आठवत नाही.

स्टीम ऑइलऐवजी गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही. वाफेतल्या पाण्यात मिसळून त्याचा पांढरट फेस होतो आणि धातूवर थर राहत नाही. स्टीम ऑइल २२०, ४६०, ६८० अशा आकड्यांनी विकलं जातं. आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट. आपल्या कमी दाबाच्या इंजिनाला २२० पुरतं.

## टप्पा १: थंड इंजिनाची तपासणी

जुनं इंजिन घरी आणलं की त्याच संध्याकाळी पेटवू नका. आधी सेफ्टी व्हॉल्व्ह काढा. त्याची दांडी चिमट्याने हलकेच ओढा आणि सोडा. स्प्रिंगने ती झटकन जागेवर आली पाहिजे. रेंगाळली, अडकली किंवा हिरवट गंज दिसला तर तो व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसू नका, त्याच इंजिनासाठी बनवलेला नवा आणा. घरच्या कुकरची शिट्टी चिकटली तर आपण कुकर गॅसवर ठेवत नाही. इथेही तोच नियम.

कुकरचं उदाहरण दाबालाही लागू आहे. घरचा कुकर साधारण १ बारच्या आसपास शिट्टी देतो आणि आतलं पाणी तेव्हा १२० अंशांच्या जवळ असतं. ही छोटी इंजिनंही त्याच पट्ट्यात काम करतात. त्यांचे बॉयलर बहुधा मऊ डाखाने जोडलेले असतात, आणि कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून वितळायला लागतो. पाणी आहे तोपर्यंत धातू पाण्याच्या तापमानाच्या जवळपास राहतो. पाणी संपलं की ज्योत थेट पितळ तापवते, आणि काही क्षणांत सांधा सुटतो.

> सावधान: सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग घट्ट करून किंवा वॉशर घालून दाब वाढवू नका. जास्त दाबासाठी रजत डाखाने जोडलेला दुसरा बॉयलर लागतो. स्प्रिंग आवळल्याने जुना बॉयलर मजबूत होत नाही.

बॉयलर आधीच्या मालकाने उघडलेला, नव्याने डाखलेला किंवा पोचे पडलेला असेल तर पेटवण्यापूर्वी एखाद्या मॉडेल क्लबात नेऊन त्याची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. ती थंड पाण्यानेच करतात, पंपाच्या हवेने नाही. दाबलेली हवा फुटताना स्फोट होतो, पाण्याचा फक्त फवारा उडतो.

मग चाकं बघा. इंजिन सपाट काचेवर ठेवून बोटाने पुढे-मागे सरकवा. एका फेऱ्यात कुठे अडतंय का? अडत असेल तर जोडदांड्या काढून पुन्हा सरकवा. दांड्यांशिवाय मोकळं फिरलं तर एखादी दांडी वाकलेली आहे. तरीही अडलं तर आस वाकडा आहे किंवा जुनं तेल डिंकासारखं झालंय. हे तेल टर्पेंटाइनने धुतलं जातं. शिवाय चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा: ३२ मिमी रुळांसाठी (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ३२ मिमी) ते २८ मिमी असायला हवं. सांध्यांवर घसरणाऱ्या कित्येक इंजिनांचं दुखणं एवढंच असतं.

तपासणी: रिव्हर्सरची दांडी (इंजिन पुढे-मागे नेणारी आणि वाफ कमी-जास्त करणारी) मध्यभागी ठेवा, नळी लावून स्टीम पाइपात तोंडाने फुंका. हवा जवळपास अडली पाहिजे. दांडी पुढे करा आणि फुंकत चाकं हाताने फिरवा. मध्येच हवा मोकळी सुटते आणि मध्येच अडते हे जाणवेल. सतत सुटत असेल तर सातव्या टप्प्यात त्याच जागी काम आहे. वहीत लिहून ठेवा.

## टप्पा २: रूळ

इथे लोक वळणाची काळजी करतात आणि चढ विसरतात. डोलत्या सिलिंडरचं इंजिन वळण सोसतं, चढ सोसत नाही. एका मीटरला एक सेंटीमीटर चढ डोळ्यांना दिसतही नाही. पण नवख्याच्या इंजिनाला तेवढाच पुरतो. शक्य तिथे रूळ पूर्ण सपाट ठेवा.

बागेत जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात खचते. म्हणून रूळ थेट मातीवर टाकू नका. विटांच्या, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या किंवा फळ्यांच्या आधारावर घ्या. पाणसळ एक मीटरच्या सरळ पट्टीवर ठेवून ती पट्टी रुळावरून सरकवत पूर्ण फेरा तपासा. नंतर ती दोन्ही रुळांवर आडवी ठेवून पुन्हा एक फेरा. आडवा तिरकसपणा गाडी पाडतो, उभा तिरकसपणा थांबवतो. माझ्या बागेत सगळा त्रास दोन मीटरच्या एका तुकड्यात होता, आणि तो पट्टी ठेवेपर्यंत मला दिसला नव्हता.

वाफेच्या गाडीला रुळांतून वीज लागत नाही, त्यामुळे ते चकचकीत घासण्याची गरज नाही. फक्त ओली पानं आणि सांडलेलं तेल पुसा. तेलावर चाकं जागच्या जागी फिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, इंजिनात दम नाही.

जाता जाता: ३२ मिमी हे माप एका फुटाला १६ मिमी या प्रमाणात दोन फुटी रुळाचं आहे, आणि माथेरानची गाडीही दोन फुटी रुळावरच चालते. डबे स्वतः बनवायचे असतील तर नेरळच्या फलाटावर मोजपट्टी घेऊन गेलात तरी काम होईल.

## टप्पा ३: पाणी आणि इंधन मोजा

हा सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा, आणि बॉयलर जळतात ते तो वगळल्यामुळे. नियम एका ओळीचा आहे: आग पाण्याच्या आधी संपली पाहिजे.

बॉयलर सिरिंजने काठोकाठ भरा आणि किती मि.ली. मावलं ते लिहा. मग सगळं ओतून त्याच्या तीन-चतुर्थांश पुन्हा भरा. वर मोकळी जागा हवीच. काठोकाठ भरलं तर उकळणारं पाणी वाफेबरोबर सिलिंडरात जातं, चिमणीतून गरम पाणी थुंकलं जातं आणि इंजिन अडखळतं.

पाणी कोणतं? किटली उघडून बघा. तळाला पांढरा थर असेल तर नळाचं पाणी वापरू नका. लंडनच्या पश्चिमेला आम्ही राहतो तिथे किटली दोन आठवड्यांत पांढरी होते. तोच थर बॉयलरमध्ये बसतो, उष्णता अडवतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर चिकटतो. मी पावसाचं पाणी स्वच्छ भांड्यात धरून दोन पदरी सुती कापडातून गाळतो. इंजिनाबरोबर कागद आला असेल आणि त्यात वेगळं सांगितलं असेल तर त्याप्रमाणे करा.

आता इंधन. जुन्या इंजिनाच्या डब्यात कधी कधी पांढऱ्या वड्या मिळतात. त्या हेक्सामाइनच्या असू शकतात, आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३पासून सामान्य माणसाला हेक्सामाइनसाठी परवाना लागतो. अशा वड्या वापरू नका. आता वेगळ्या पदार्थाच्या वड्या मिळतात. स्पिरिटचा बर्नर असेल तर मेथिलेटेड स्पिरिट, तेही सिरिंजने मोजून.

> सावधान: रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर कधीही नाही. स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. स्टोव्हचा काकडा दुपारी अंगणात पेटवलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे माहीत आहे. विझलाय असं समजून गरम बर्नरमध्ये स्पिरिट ओतू नका. आधी तो ट्रेमध्ये काढा, हाताला गार लागू द्या, मगच भरा, आणि बाटली चार पावलं लांब बंद करून ठेवा.

स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे सांडून पेटलं तर भरपूर पाण्याने विझतं. म्हणून बादली.

## टप्पा ४: रुळावर नाही, ट्रेवर पहिली गरम चाचणी

इंजिनाच्या सांगाड्याखाली दोन लाकडी ठोकळे द्या, चाकं हवेत राहू द्या, आणि सगळं बेकिंग ट्रेमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या स्लीपरांवर बर्नर पेटवू नका; सांडलेलं स्पिरिट ते वितळवतं.

क्रम असा ठेवा.

१. आस, खिळ्या आणि दांड्यांच्या टोकांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

२. सिलिंडर आणि पट्टीच्या मध्ये स्टीम ऑइलचे दोन-दोन थेंब, चाकं हाताने फिरवत. इंजिनाला वंगणपात्र (वाफेत तेल सोडणारं छोटं भांडं, टप्पा ८) नसेल तर स्टीम पाइपातही चार थेंब.

३. मोजलेलं पाणी. किटलीतलं उकळतं पाणी भरलंत तर वाफ लवकर येते आणि इंधन वाचतं. पण फनेल लावा आणि हातमोजे घाला.

४. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने घट्ट. पान्याने आवळू नका, वॉशर चिरडतो.

५. रिव्हर्सर मध्यभागी. मोजलेलं इंधन, मग काडी. घड्याळ लावा.

सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला की वेळ लिहा आणि रिव्हर्सर हळूच पुढे करा. चाकं लगेच फिरणार नाहीत. सिलिंडर गार आहेत, आत आलेली वाफ पाणी होतेय. बोटाने (हातमोजा घालून) चाक पुढे-मागे हलवत राहा. आधी तपकिरी गरम पाणी बाहेर पडेल, मग थुंकी, मग वाफ, आणि एकाएकी चाकं भरारा फिरायला लागतील. रिव्हर्सर लगेच मध्याकडे घ्या. भाराशिवाय चाकं पूर्ण वेगाने फिरू देणं खिळ्यांना सोसत नाही.

आग पूर्ण विझेपर्यंत थांबा. मग सहाव्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे दाब सोडून इंजिन गार होऊ द्या, उरलेलं पाणी सिरिंजने काढून मोजा.

तपासणी: समजा ९० मि.ली. भरलं होतं. किमान २२-२३ मि.ली. म्हणजे पाव हिस्सा उरायला हवा. कमी उरलं तर पुढच्या वेळी इंधन कमी करा, पाणी वाढवू नका. हा आकडा जमेपर्यंत रुळावर जायचं नाही.

## टप्पा ५: रुळावरची पहिली फेरी

तेल, पाणी, इंधन पुन्हा त्याच क्रमाने. इंजिन ट्रेवरच तापवा, वाफ आली की हातमोज्याने उचलून रुळावर ठेवा. हाताने दोन-तीन हात पुढे-मागे ढकलून सिलिंडरांतलं पाणी काढा.

आता एक उलटं वाटणारं सांगतो. पहिल्या फेरीला मागे एक-दोन डबे जोडा. एकटं इंजिन भार नसल्यामुळे सुसाट सुटतं, वळणावर पडतं, आणि वाफ एका मिनिटात उधळून टाकतं. दोन हलक्या डब्यांनी ते सावरतं. माणूस शेजारून चालू शकेल एवढा वेग पुरे.

रिव्हर्सर पूर्ण पुढे ढकलून सोडू नका. सुटताना थोडा जास्त, गती आली की मध्याकडे. प्रत्येक इंजिनाची एक जागा असते जिथे ते शांत चालतं. दांडीच्या बाजूला पेन्सिलने ती खूण करा.

थांबलंच तर लक्षणं बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय आणि गाडी उभी आहे? वाफ आहे, ती सिलिंडरात पोचत नाही किंवा निसटतेय: गळती, तेल संपणं किंवा रुळाचा चढ. व्हॉल्व्ह गप्प आहे आणि गाडी उभी आहे? वाफच नाही: वारा आग उडवतोय, इंधन संपलं, किंवा वाफ धावताना उधळली. पहिल्या परिस्थितीत नवा बर्नर घेणं म्हणजे पैसे टाकणं. बहुतेक लोक असतात पहिल्या परिस्थितीत आणि उपाय करतात दुसरीचे.

## टप्पा ६: बंद करणं

आग विझल्यावर रिव्हर्सर उघडा ठेवून उरलेली वाफ जाऊ द्या. फुसफुस पूर्ण थांबली तरी दहा मिनिटं थांबा. मगच सेफ्टी व्हॉल्व्ह सैल करा, तोही पाव फेरा, हातमोज्याने, तोंड बाजूला ठेवून. कुकरचं झाकण घाईने उघडल्यावर जे होतं तेच इथे होतं, फक्त चेहऱ्याच्या जास्त जवळ.

इंजिन तसंच बंद ठेवून गारही होऊ देऊ नका. आतली वाफ पाणी झाली की बॉयलरमध्ये पोकळी तयार होते आणि ती पाइपातलं तेल आत ओढते. तेल बॉयलरमध्ये गेलं की पुढच्या वेळी पाण्याला फेस येतो आणि इंजिन दिवसभर थुंकत राहतं. म्हणून दाब गेला की व्हॉल्व्ह सैल करून हवा आत घ्या.

गरम असतानाच सगळं पुसा. गार झाल्यावर तेच तेल खरवडावं लागतं.

अशा किमान पाच-सहा फेऱ्या, काहीही न बदलता करा. त्यानंतरच पुढचं वाचा.

## टप्पा ७: गळती काढा

पहिल्या शरद ऋतूत मी सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, मोठा बर्नर आणला, आणि इंजिन पूर्वीपेक्षा वाईट चालायला लागलं. क्लबातल्या एका आजोबांनी ते हातात घेतलं, उजवा सिलिंडर काढला आणि त्याच्या सपाट बाजूवर काळ्या मार्करने पूर्ण काळं केलं. मग सिलिंडर जागेवर बसवून चाक वीसेक वेळा फिरवलं आणि पुन्हा काढून माझ्या हातात दिला. वरच्या अर्ध्या भागातली शाई घासून पितळ चमकत होतं. खालच्या अर्ध्यात शाई जशीच्या तशी होती, चंद्रकोरीसारखी, आणि वाफेचं भोक नेमकं त्या कोरीत होतं. सिलिंडर फक्त वरच्या बाजूने टेकत होता. ती बाजू घासून सपाट केल्यावर, जुना बर्नर परत लावून त्या संध्याकाळी इंजिन अकरा फेऱ्या धावलं.

तुम्हीही हेच करा. शाई लावा, फिरवा, बघा. शाई सगळीकडून सारखी निघाली तर त्या बाजूला हात लावू नका. राहिली असेल तर:

१. जाड काच सपाट टेबलावर ठेवा. तिच्यावर १२०० नंबरचा पॉलिश पेपर, वर मशीनच्या तेलाचे काही थेंब.

२. सिलिंडर दोन बोटांत सरळ धरून त्याची सपाट बाजू कागदावर मराठी चारच्या (४) आकारात फिरवा. दहा-बारा वेळा, जोर न लावता. बोटांनी तिरपा दाब दिला तर कडा गोल होतात आणि काम बिघडतं.

३. पुसा, शाई लावा, तपासा. पुन्हा दहा वेळा. सगळी बाजू एकसारखी मंद करडी दिसली की थांबा.

४. समोरची पट्टी सुटत असेल तर तिचंही तसंच. सुटत नसेल तर छोट्या सपाट लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून.

५. गरम साबणाच्या पाण्यात जुन्या दातब्रशने सगळं धुवा, भोकांतून पाणी सोडा, कोरडं करा, तेल लावा.

> सावधान: व्हॉल्व्ह घासायची दाणेदार पेस्ट वापरू नका. तिचे कण मऊ पितळात रुतून बसतात आणि नंतर चालतानाही घासत राहतात.

मग स्प्रिंग. ती फार सैल असेल तर सिलिंडर उचलला जातो. फार घट्ट असेल तर घर्षण सगळा जोर खातं. बॉयलर पूर्ण दाबावर, सेफ्टी व्हॉल्व्ह नुकताच फुसफुसू लागलाय अशा वेळी सिलिंडरच्या मागून वाफेचा धागा दिसतो का बघा. दिसला तर इंजिन गार करून नट अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा बघा. धागा नाहीसा होतो तिथे थांबा. त्याच्या पुढचा प्रत्येक फेरा तोट्याचा आहे. दोन्ही बाजू सारख्याच आवळल्या जातील असं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

रिव्हर्सरची पट्टी गळत असेल तर तिलाही हीच शाईची परीक्षा. रबरी रिंग असलेली जुळणी असेल तर रिंगा बदला, त्या स्वस्त आहेत.

तपासणी: पहिल्या टप्प्यातली फुंकण्याची परीक्षा पुन्हा करा, वहीतल्या नोंदीशी ताडून.

## टप्पा ८: वंगणपात्र

पहिली विकत घ्यायची वस्तू ही. दोन थेंब तेल काही मिनिटांत धुऊन जातं, आणि तेल गेलं की सपाट बाजू गळायला लागते, घर्षण वाढतं, गाडी मंदावते. फेरीच्या उत्तरार्धात दम तोडणारी इंजिनं बहुधा तेलाविना असतात.

काम समजून घेतलं तर बिघडत नाही. छोट्या बंद भांड्याच्या वरच्या भागातून स्टीम पाइप जातो आणि त्याला बारीक भोक असतं. भोकातून आत आलेली वाफ गार होऊन पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाला जातं, आणि तेवढंच तेल वर सरकून भोकातून वाफेत मिसळतं. म्हणजे फेरीनंतर भांड्यात तेलाखाली पाणी असणारच.

नेहमीची चूक: वरून थोडं तेल टाकून झाकण लावणं. खालचं पाणी काढलंच नाही तर तेलाला जागाच नसते. सिरिंजची नळी तळापर्यंत नेऊन ओढा. सिरिंजमध्ये आधी करडं पाणी येईल, मग तेलाचे तपकिरी गोळे. तेल यायला लागलं की थांबा, आणि वरून नवं भरा.

तपासणी: फेरीनंतर चिमणीच्या तोंडावर बोट फिरवा. गार झाल्यावर, अर्थात. पातळ तेलकट थर लागला पाहिजे. कोरडं असेल तर भोक बुजलंय. तेल ओघळत असेल तर भोक मोठं झालंय.

## टप्पा ९: आता आग

गळती गेली, तेल पोचतंय, आणि तरी वाफ कमी पडतेय? मग बर्नरकडे बघा. इथेही आधी मोठा बर्नर नाही, आधी वारा. बॉयलरच्या खाली दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याचे पडदे बसवा, पण ज्योतीला खालून हवा मिळेल एवढी फट ठेवा. हवा न मिळालेली ज्योत पिवळी, लांब आणि काजळीची होते, बाजूंनी बाहेर येऊन रंग जाळते आणि बॉयलरला कमी तापवते.

वड्यांऐवजी स्पिरिटचा बर्नर लावला तर आग समान राहते आणि इंधन मि.ली.मध्ये मोजता येतं. वात नळीत ठासून भरू नका. बोटाने ओढली तर थोड्या अडथळ्याने निघेल एवढीच. वातीचं टोक वर काढून ज्योत वाढवायची असेल तर एकेक मिलिमीटरने. आणि बर्नर बदलला की तिसरा आणि चौथा टप्पा पुन्हा पहिल्यापासून. जुन्या आगीचा हिशेब नव्या आगीला लागू नाही. माझ्या पाहण्यात बॉयलर जळाले ते सगळे बर्नर बदलल्याच्या पहिल्याच दिवशी.

गॅसच्या बर्नरबद्दल विचारणारे खूप आहेत. तो सोयीचा आहे, पण त्याची उष्णता जास्त असते आणि मऊ डाखाच्या बॉयलरला चूक करायला वाव उरत नाही. इंजिन-बनवणाऱ्याने किंवा सुट्या भागांच्या विक्रेत्याने तुमच्याच बॉयलरसाठी तो दिला असेल तरच घ्या. थंडीतला त्रासही लक्षात ठेवा. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी टाकीत दाबच उरत नाही. लोक टाकी ज्योतीजवळ धरतात. तसं कधीही करू नका. कोमट पाण्याचा कप पुरतो.

## टप्पा १०: उरलेल्या सुधारणा

रिव्हर्सरनेच वेग सांभाळणं कठीण जातं, म्हणून स्टीम पाइपात वेगळा रेग्युलेटर बसवणं फायद्याचं. सुटणं-थांबणं मऊ होतं आणि वाफ वाचते. बॉयलरच्या वरच्या भागावर सिरॅमिक कागदाचं पातळ आवरण देता येतं. ज्योत पोचते त्या बाजूंवर मात्र काही चिकटवू नका. चाकं घसरत असतील तर शिशाचे तुकडे आसांच्या मधोमध ठेवा, पुढे किंवा मागे नाही.

दाबाखाली पाणी भरता येणारा एकदिशी व्हॉल्व्ह मिळतो. तो बसवला की फेरी थांबवून बॉयलर उघडावा लागत नाही. पण त्यामुळे 'आग पाण्याच्या आधी संपते' हे कुलूप निघून जातं, आणि पाणी किती आहे हे तुम्हाला दर क्षणी माहीत असावं लागतं. पातळी दाखवणारी काच नसलेल्या इंजिनाला हा व्हॉल्व्ह लावू नका.

एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर निदान तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला वहीत सात खाने: भरलेलं पाणी, उरलेलं पाणी, इंधन, वाफ यायला लागलेली मिनिटं, धावलेली मिनिटं, डबे, वारा. धावलेली मिनिटं वाढली आणि उरलेलं पाणी तेवढंच राहिलं तर बदल खरा. मिनिटं वाढली पण पाणी पाव हिश्शाच्या खाली गेलं, तर मिळवलेली मिनिटं बॉयलरच्या आयुष्यातून आली आहेत. बदल मागे घ्या.

हंगाम संपला की पाणी पूर्ण काढा, बॉयलर कोमट असताना सिरिंजने शेवटचे थेंब ओढून घ्या. वंगणपात्र रिकामं करा, सिलिंडरच्या पट्टीवर स्टीम ऑइल लावून चाकं दहा फेरे फिरवा, स्प्रिंगचे नट एक फेरा सैल करा आणि तसं चिठ्ठीवर लिहून चिमणीला बांधा. सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा, कागदात गुंडाळून. बॉयलरचं तोंड उघडं ठेवून इंजिन कोरड्या कपाटात ठेवा, शेडमध्ये नको.